शहरं पायी, वाळवंट गाडीने

पत्र : नमस्कार. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही चौघं मोरोक्कोला जायचं म्हणतोय. मी, माझे यजमान, सोळा वर्षांची लेक आणि सत्तरीच्या सासूबाई. हातात ११ रात्री आहेत. कासाब्लांकाच्या विमानतळावरच गाडी भाड्याने घ्यायची आणि रबात, टँजियर, शेफशावेन, फेझ, मर्झूगा, वार्झाझात, माराकेश, एस्साविरा करत पुन्हा कासाब्लांकाला यायचं, असा यजमानांचा बेत आहे. गाडी तेच चालवणार. मी रोज ऑफिसला गाडी घेऊन जाते, पण परदेशात नको, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. लेकीला वाळवंटातलं चांदण्यांनी भरलेलं आकाश बघायचंय, बाकी तिची काही मागणी नाही. मला मनातून वाटतंय की हे फार होतंय, पण बोलले तर सगळ्यांच्या उत्साहावर पाणी पडेल. तिकिटं अजून काढलेली नाहीत. हा बेत जमेल का? आणि सासूबाईंना न्यावं का?

ताई,

तुम्हाला मनातून वाटतंय ते बरोबर आहे, बेत फार होतोय. आणि सासूबाईंना जरूर न्या. या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण सासूबाईंना झेपेल असा बेत आखलात, तर तो तुम्हा बाकी तिघांसाठीही आत्ताच्या बेतापेक्षा कितीतरी चांगला होईल.

आधी अंतरांचं बोलू. फेझहून मर्झूगा साधारण ४६० किलोमीटर. नकाशा आठ तास दाखवेल, पण त्यात चहा, जेवण, गुडघे मोकळे करायला थांबणं, फोटो यातलं काहीच धरलेलं नसतं. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे दिवस जेमतेम साडेदहा तासांचा असतो. म्हणजे उजाडताच निघालात तरी वाळूच्या टेकड्या दिसायच्या आत अंधार. आणि दुसऱ्या दिवशी लगेच वार्झाझात, आणखी पावणेचारशे किलोमीटर. ज्या वाळवंटासाठी एवढा घाट घातला तिथे तुम्ही काळोखात पोहोचणार आणि सकाळचा नाश्ता करून निघणार. अंधार पडल्यावर मोरोक्कोतल्या गावाकडच्या रस्त्यांवर गाडी चालवूच नका, हे मी अगदी ठासून सांगते. दिवे नसलेल्या गाड्या, गाढवं, रस्त्याच्या कडेने चालत घरी जाणारी माणसं ऐन जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. तेव्हा बेत आखताना किलोमीटर मोजू नका, उजेडाचे तास मोजा. दिवसाला चार ते पाच तास गाडी, त्याहून जास्त नको.

आता शहरांचं. जुन्या शहरात गाडी म्हणजे निव्वळ लोढणं. फेझचा जुना भाग, फेझ अल बाली, १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि त्याच्या गल्ल्यांत मोटार शिरतच नाही. सामान आजही खेचरांवरून आणि हातगाड्यांवरून जातं. मागून ‘बालाक! बालाक!’ अशी हाळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, कातड्यांनी लादलेलं खेचर तुम्हाला घासून पुढे जातं. अशा शहरात तुमची भाड्याची गाडी तटाबाहेर नुसती उभी राहणार, आणि तिचे पैसे तुम्ही रोजच्या रोज भरणार. माराकेशमध्येही तीच गत. शिवाय कासाब्लांकापासून रबात, मेकनेस, फेझ आणि तिकडे माराकेशपर्यंत आगगाडी आहे, चांगली आहे आणि वेळेची बरीच खात्री देते. विमानतळाच्या इमारतीतच रेल्वे स्थानक आहे. मग लांबच्या विमानप्रवासाने आंबलेल्या माणसाने, उलट्या बाजूने चालणाऱ्या रहदारीत, कासाब्लांकासारख्या शहरात पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घ्यायचंच कशाला?

म्हणून माझं म्हणणं असं : शहरं पायी बघा, आणि गाडी फक्त फेझ ते माराकेश या वाळवंटाच्या टप्प्यापुरती घ्या.

यात टँजियर, शेफशावेन आणि एस्साविरा गळतात. रबातही. शेफशावेन सोडताना जीवावर येईल, ते निळं गाव सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. पण ते उत्तरेच्या डोंगरात आहे आणि तुमचं वाळवंट दक्षिणेला. जे उरतं ते मात्र एका सूत्रात बसतं. फेझहून ॲटलास पर्वत ओलांडून झिझ नदीच्या काठाने दक्षिणेला जाणारा रस्ता हा शतकानुशतकांचा काफिल्यांचा मार्ग आहे. मर्झूगाच्या अलीकडे रिस्सानी नावाचं गाव लागतं. त्याच्या कडेला मातीच्या पडक्या भिंती दिसतात, तेच सिजिलमासा. आठव्या शतकात वसलेलं हे शहर म्हणजे सहाराचं उत्तरेकडचं दार होतं. इथून उंटांचे तांडे मीठ घेऊन दक्षिणेला जायचे आणि सोनं घेऊन परतायचे. इब्न बतूता १३५२ साली मालीच्या राज्याकडे निघाला तो इथूनच. फेझच्या मदरशांतली कोरीव लाकडं आणि माराकेशचे महाल या व्यापाराच्या पैशाशिवाय उभेच राहिले नसते. लेकीला हे आधी सांगून ठेवा. शहर आणि वाळवंट अशा दोन वेगळ्या सहली नाहीत या, आणि हा रस्ता दिवसाउजेडी, थांबत थांबत गेलात तरच ते कळतं.

रात्रींची वाटणी मी अशी करेन. कासाब्लांकात एक, फेझमध्ये तीन, वाटेत मिदेल्तला एक, मर्झूगात दोन, तिनगीर किंवा दादेसच्या खोऱ्यात एक, ऐत बेनहद्दूला एक आणि माराकेशमध्ये दोन. झाल्या अकरा.

कासाब्लांकातली रात्र फक्त अंग टाकायला. सकाळी समुद्रावरची हसन द्वितीय मशीद बघून घ्या. १९९३ मध्ये पूर्ण झालेली, २१० मीटर उंच मिनाराची ही मशीद मार्गदर्शकाबरोबर आतून बघता येते. हे मुद्दाम सांगते, कारण मोरोक्कोतल्या बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो. फेझची ८५९ मध्ये स्थापन झालेली अल कारावियीन मशीददेखील तुम्हाला दारातूनच डोकावून बघावी लागेल.

फेझमध्ये सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार मी खास केलाय. जुनं शहर उतारावर वसलंय. बाब बू जलूद या निळ्या वेशीतून आत शिरलं की अल कारावियीनपर्यंत रस्ता उतरत जातो. सगळेजण उतरतात आणि मग तोच चढ चढून परत येताना घामाघूम होतात. तुम्ही परत येऊच नका. तळाशी रसीफ नावाचा चौक आहे, तिथपर्यंत गाड्या येतात. तिथून लाल रंगाची छोटी टॅक्सी करून तटाबाहेरून फिरून मुक्कामी या. छोट्या टॅक्सीत तीनच प्रवासी बसवतात, तेव्हा तुम्हाला दोन टॅक्स्या लागतील. मुक्कामाला जुन्या वाड्यातली खोली घेणार असाल, तिथे त्याला रियाद म्हणतात, तर तळमजल्याची खोली आहे का ते आधी विचारा. या वाड्यांना लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे असतात. गाडी येते तिथून वाड्याच्या दारापर्यंत किती चालायचं, हेही विचारून ठेवा.

आणि फेझमध्ये एक सकाळ बू इनानिया मदरशासाठी राखून ठेवा. चौदाव्या शतकाच्या मध्यात मरिनी घराण्याच्या सुलतानाने बांधलेला. मधल्या चौकात उभं राहून भिंत खालून वर बघत जा. कंबरेच्या वरपर्यंत हाताने छिन्नी मारून कापलेल्या रंगीत फरशीच्या तुकड्यांची नक्षी, तिच्यावर कोरलेल्या अक्षरांची पट्टी, मग चुन्याच्या गिलाव्यातलं जाळीसारखं नाजूक काम, आणि सगळ्यांत वर काळपट देवदार. हा देवदार ॲटलासच्या जंगलातला, आणि ते जंगल दोन दिवसांनी तुमच्या वाटेवर येणार आहे. गल्लीत कुणी तरुण मुलगा ‘पुढे रस्ता बंद आहे, मी दाखवतो’ म्हणाला, तर हसून नको म्हणा आणि चालत राहा. रस्ता बहुधा उघडाच असतो. पहिल्या दिवशी परवानाधारक मार्गदर्शक घेतलात तर हा त्रास जवळजवळ होत नाही. फेझमधल्या तिसऱ्या दिवशी भाड्याची टॅक्सी करून मेकनेस आणि वोलुबिलिसचे रोमन अवशेष बघता येतील. सासूबाई दमल्या असतील तर तो दिवस सरळ विश्रांतीला द्या, मला ते जास्त आवडेल.

आता गाडीचं. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की तुम्ही रोज गाडी चालवता. मग या बेतात एकच चालक का? घाटात पोट बिघडलं, पाठ धरली, ताप आला, तर चौघं तिथेच अडकणार. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना दोघांनीही काढा. तो आपल्या आरटीओत मिळतो आणि वर्षभर चालतो. गाडी घेताना करारात दुसरी चालक म्हणून तुमचं नाव घालून घ्या. नाव नसताना चालवलंत आणि काही झालं, तर विम्याचा उपयोग होत नाही. यजमानांना हे सांगताना सुरक्षेचा मुद्दा म्हणूनच सांगा, कारण तो खरोखरच तसा आहे.

तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. लोकांना भीती वाटते ती गर्दीची. पण गर्दीत पुढची गाडी तुम्हाला वळण लावत असते. घात होतो तो मोकळ्या रस्त्यावर. सकाळी हॉटेलातून बाहेर पडताना, पेट्रोल भरून पुन्हा रस्त्यावर येताना, समोर कुणीच नसतं आणि हात सवयीने डावीकडे वळतो. म्हणून प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना शेजारी बसणाऱ्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, हा नियमच करा. हे काम लेकीला द्या, ती आनंदाने करेल. फेझहून इफ्रानकडे जाणारा रस्ता हात बसवायला चांगला आहे. वेगमर्यादा महामार्गावर १२०, इतर रस्त्यांवर १०० आणि गावात ६० किंवा त्याहून कमी. गावाच्या वेशीवर पोलीस वेग मोजत उभे असतात. तपासणी नाक्यावर वेग कमी करा आणि पोलिसाने हात केल्यावरच पुढे जा. पेट्रोल भरताना ‘सां प्लों’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गाझ्वाल’ म्हणजे डिझेल, एवढं चौघांनी पाठ करा. ॲटलासच्या पलीकडे टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या.

फेझ सोडलं की दोन तासांत अझ्रूचं देवदाराचं जंगल येतं, त्यात शेपटी नसलेली बार्बरी माकडं दिसतात. त्यांना खायला घालू नका. मिदेल्तची रात्र थंड असेल, गाव दीड हजार मीटर उंचीवर आहे. दुसऱ्या दिवशीचा रस्ता मला या सगळ्या प्रवासात सर्वांत प्रिय आहे. एराशिदिया ओलांडल्यावर रस्ता उजाड पठारावरून जात असतो, दगडमातीशिवाय नजरेला काही नसतं, आणि एका वळणावर जमीन अचानक खाली जाते. तळाशी झिझचं खोरं, आणि त्यात नजर पोहोचेल तिथवर खजुराची हिरवीगार बाग. कडेला गाडी थांबवायला जागा आहे. सासूबाईंना तिथे उतरवा, एक पायरीही चढावी लागत नाही.

मर्झूगाला दोन रात्री हव्यातच. पहिली वाळूच्या कडेच्या हॉटेलात, दुसरी आत तंबूत. डांबरी रस्ता मर्झूगापर्यंत जातो, त्यामुळे साधी गाडी पुरते. पण गाडी वाळूवर अजिबात घालू नका. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्याला लागू नसतो. गाडी आणि मोठं सामान हॉटेलात ठेवायचं, तंबूवाले तिथून नेतात. उंट उठतो तो मागचे पाय आधी सरळ करून, म्हणजे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे पुन्हा पुढेच. दोन्ही वेळा मागे रेलून खोगिराची मूठ घट्ट धरायची. सासूबाईंना उंटावर बसवू नका, त्यांच्यासाठी जीप सांगा. तंबूवाल्यांना याची सवय असते. इथल्या वाळूच्या टेकड्या, अर्ग शब्बी, दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत. चढायचं तर कडेच्या धारेवरून, अनवाणी, सूर्य मावळायच्या तासभर आधी. नोव्हेंबरातल्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी बॅगेत वरच ठेवा.

लेकीच्या चांदण्यांसाठी तारखा ठरवतानाच कॅलेंडर बघा. मर्झूगाच्या दोन रात्री अमावास्येच्या आसपास आल्या पाहिजेत. पौर्णिमेला वाळू सुंदर दिसते, पण आकाशगंगा दिसत नाही. तिची एकच मागणी आहे, तेव्हा बाकीच्या सगळ्या तारखा या दोन रात्रींभोवती बसवा.

मर्झूगाहून निघताना रिस्सानीत थांबा. मंगळवार, गुरुवार आणि रविवार तिथला बाजाराचा दिवस. पुढे एर्फूद ते तिनजदाद या रस्त्याच्या कडेला मातीच्या ढिगाऱ्यांच्या लांबच लांब रांगा दिसतील. प्रत्येक ढिगाऱ्याच्या मधोमध खड्डा. या खेत्तारा. डोंगराच्या पायथ्याचं भूजल अगदी मंद उताराच्या भुयारातून शेतापर्यंत आणायचं, आणि खोदायला, गाळ काढायला ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवायच्या, अशी ही योजना. पंप आले, पाण्याची पातळी खाली गेली आणि कितीतरी खेत्तारा कोरड्या पडल्या. काही ठिकाणी आत उतरून भुयार बघता येतं. लोक इथून शंभरच्या वेगाने निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. वाळवंटात शहरं कशी जगली याचं उत्तर या ढिगाऱ्यांत आहे.

तिनगीरजवळच्या तोद्राच्या घळीत तीनशे मीटर उंच कड्यांच्या मधून सपाट रस्त्याने चालता येतं, सासूबाईंनाही. ऐत बेनहद्दूच्या मातीच्या गढीत मात्र पायऱ्या फार आहेत. त्यांना नदीच्या अलीकडच्या काठावर, गढी समोर दिसेल अशा गच्चीत बसवा. खरं तर गढी तिथूनच पूर्ण दिसते.

एक धोका लक्षात ठेवा. वाळवंटातले कोरडे ओढे पावसात काही मिनिटांत भरून येतात, आणि पाऊस दूर डोंगरात पडलेला असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये या दक्षिण भागात मोठा पूर आला होता. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा, कितीही उथळ वाटलं तरी. गाडीच्या शेवटच्या दिवशीचा तिझी न तिश्का घाट २२६० मीटर उंचीचा आहे, थंडीत बर्फाने बंद होऊ शकतो. आदल्या संध्याकाळी हॉटेलात चौकशी करा आणि सकाळी लवकर निघा. दोनशे किलोमीटरला चार तास लागतात, वळणं खूप. माराकेशला पोहोचलात की मुक्कामी जायच्या आधी गाडी परत करून टाका.

शाकाहाराचं अवघड नाही, पण विचारत राहावं लागेल. भाज्यांचा कुसकुस पुष्कळदा मांसाच्या रश्श्यावर शिजवलेला असतो, हरीरा सूपमध्येही मांस असू शकतं. झालूक, म्हणजे वांगी-टोमॅटोचं भरीत, आणि बिसारा हे वालासारख्या घेवड्याचं दाट सूप, यांवर सासूबाईंचं छान निभेल. तंबूवाल्यांना दोन दिवस आधी कळवा. दिरहम देशाबाहेर सहसा मिळत नाही, तिथे उतरल्यावर काढा, आणि वाळवंटाकडे निघण्यापूर्वी रोख हाताशी असू द्या.

क्रम असा ठेवा. आधी अमावास्या बघून तारखा, मग व्हिसाचा अर्ज. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं काही बुक करू नका. विमानाचं तिकीट काढताना उतरायचं कासाब्लांकाला आणि परत निघायचं माराकेशहून, असं मिळतं का बघा. नाही मिळालं तर माराकेशहून कासाब्लांका आगगाडीने तीन तासांच्या आत येतं. गाडी फेझला घेऊन माराकेशला सोडण्याचे वेगळे पैसे पडतात, ते मान्य करा.

घरी बोलताना ‘हे जमणार नाही’ असं म्हणू नका. यजमानांना नकाशा घेऊन बसवा आणि फेझ ते मर्झूगा हा एक दिवस त्यांनाच तासातासाने लिहायला सांगा : किती वाजता निघायचं, आई कुठे कुठे उतरणार, जेवण कुठे, आणि सूर्य किती वाजता मावळणार. पुढचं बोलणं तो कागद समोर ठेवूनच करा.